जणू

हॅलिफॅक्सच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
जिथला हीटर फक्त खिडकीला ऊब देतो,
दर मंगळवारी सहा वाजता आम्ही सातजण बसतो,
आणि डोरीन हार्टली. वय एक्याऐंशी.
तिनं एकही पुस्तक लिहिलेलं नाही.
सदतीस वर्षं गिरणीत लोकरी कापडाच्या गाठी काढल्या:
कापड उजेडाकडे ओढायचं,
उलट्या बाजूनं बोटं फिरवायची,
अडलं की चिमटा.

माझी कविता तिला वाचता येत नाही.
"मग ऐकव," म्हणाली, "तुझ्याच भाषेत."
डोळे मिटले, तळवा टेबलावर ठेवला.
मी वाचलं.
शेवटी शेवटी आवाज थोडा कापरा केला,
तोही सवयीनंच.

अर्थ सांगायला लागले तर तिनं हात वर केला.
"आधी हे सांग, हा जानू कोण?"
"कोण जानू?"
"नऊ वेळा आला. मी मोजलं.
दरवेळी दार उघडून आत येतो
आणि काम काहीच करत नाही."

मला हसू आलं, मग थांबलं.
जणू आभाळ फाटलं. जणू काळ गोठला.
जणू काळजाचा तुकडा, टिंब टिंब टिंब.
नऊ वेळा या पाहुण्याला पाट मांडला मी,
आणि ज्यांच्यावर कविता, ते नाना
बाहेर चपलांपाशी उभे.

"गेले तेव्हा तू कुठे होतीस?"
रांगेत होते. सुपरमार्केटच्या.
टोपलीत कोबीचा गड्डा, दूध, भांड्यांचा साबण.
फोनवर भाऊ म्हणाला, "नाना गेले."
मी म्हणाले, "बरं."
कार्ड लावलं. पोरीनं विचारलं, पावती हवी?
हवी म्हणाले.
गाडीत बसून पावती वाचली.
कोबी दोनदा लावला होता.
परत आत गेले,
चौऱ्याऐंशी पेन्स मोजून घेतले.

"आणि आभाळ?"
होतं तिथेच होतं. राखाडी.
"मग हे कवितेत कुठाय?"
"हे काय कवितेत लिहायचं?"
डोरीननं उत्तर दिलं नाही. ती ट्रेव्हरकडे वळली,
ज्याच्या कादंबरीत चौथ्या पानावरही
अजून सूर्यच उगवत होता.

रात्री ओट्यापाशी उभी राहून पेन्सिल चालवली.
'अथांग' काढला. नानांनी तो जन्मात उच्चारला नसेल.
ते 'खोल' म्हणायचे, तेही विहिरीला.
'व्याकूळ' काढला.
टिंबं सुटेनात: दर ओळीच्या टोकाला तीन मुंग्या,
वाचणाऱ्याला रडायची सोय म्हणून ठेवलेल्या.
एकेक चिरडली.
उरलं ते इतकं थोडं की भीती वाटली.
बार्शीची भुसार पेठ. तराजू दुरुस्तीचं दुकान.
शर्टाच्या खिशात शिशाचे तुकडे,
वजनं भरायला, म्हणून
सगळे शर्ट डावीकडे लोंबलेले.
आणि पावती.

पुढच्या मंगळवारी ऐकून म्हणाली,
"पावतीपाशी संपलीय.
नंतर तू दारात उभी राहून बोलतेयस."
आमच्यात तसंच असतं, मी सांगितलं.
निघतो म्हणून चपला घालायच्या
आणि मग उंबऱ्यात तासभर.
"चहा पिताना ठीक आहे," डोरीन म्हणाली.
मृत्यूबद्दलच्या आठ ओळी होत्या.
मला फार आवडायच्या.

एक जणू मात्र ठेवला.
नाना रिकामं पारडंसुद्धा असं उचलायचे,
जणू त्यात काही आहे.
तिथे डोरीनचा तळवा अडला.
मी चिमट्याची वाट पाहिली.
ती म्हणाली, "ही ओळ पुन्हा वाच."